सारांचं कार्ड

मद्रासच्या त्या इस्पितळात दारापाशी गाडी लावायची परवानगी फक्त अपंगांना होती. अपघातात कृष्णस्वामींचे पाय गेले, तेव्हापासून त्यांच्या नावाचं कार्ड गाडीच्या काचेवर असे. नऊ वर्षं त्यांना उचलून गाडीत बसवायची आणि उतरवायची ती त्यांची बायको, गोदा. आज मात्र ती एकटीच आली होती.

"अम्मा, कार्ड सारांचं आहे. सार कुठे आहेत?" वॉचमनने विचारलं. 'सर'ला तो 'सार' म्हणे.

"घरी."

"मग गाडी बाहेर लावा. नियम आहे."

गोदाने गाडी मागे घेतली. गाडी पार बसस्टॉपच्या पुढे लावून ती उन्हातून, कुंपणाच्या भिंतीला हात टेकत, चालत आली.

हाडांच्या डॉक्टरांनी तिचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे उजेडात धरला. "यापुढे जड काही उचलायचं नाही. तुमच्याही नावाचं कार्ड लिहून देतो. निदान दारात गाडी लावता येईल."

"नको, डॉक्टर," गोदा म्हणाली. "ते कार्ड त्यांच्या नजरेस पडलं, तर उद्यापासून ते मला उचलू द्यायचे नाहीत."