साठ फूट समुद्र

“यात बिघडण्यासारखं आहेच काय!” पेंटर ग्रंथपालबाईंना म्हणाला. “वीज नको, वायर नको, चार्जिंग नको. लाकडी खोकं, दोन उभे रूळ, साठ फूट कागद आणि हा दांडा. दांडा फिरवला की चित्र सरकतं, ही गाते, झाली गोष्ट. आमच्या नातवंडांची नातवंडंसुद्धा हाच दांडा फिरवतील.”

दाखवायला म्हणून त्याने दांडा जरा जोरात फिरवला. दांडा हातात आला.

ग्रंथपालबाईंनी दांड्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. वाचनालयाच्या हॉलमध्ये तेरा माणसं होती. त्यातली पाच रोजचीच, वर्तमानपत्रवाली. ती पंख्याखालून उठली नाहीत म्हणून त्यांना प्रेक्षकांत धरलं होतं. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘हाताने फिरणाऱ्या चित्रांची विसरलेली कला पुन्हा आपल्या भेटीला’.

“पाच मिनिटं,” पेंटर म्हणाला.

“आठ महिने,” त्याची बायको खुर्चीतून म्हणाली. ती वर येऊन बसली होती, पण गुडघे अजून जिन्यातच होते. “आठ महिने पलंगावर तुमचा समुद्र वाळतोय आणि मी ओट्याखाली झोपतेय. आज बाईंना आवडलं तर दर शनिवारी हा हॉल आपला. नाही आवडलं तर उद्या सकाळी मी भंगारवाल्याला हाक मारणार. ठरलंय ना?”

“ठरलंय गं. चारचौघांत कशाला?”

“घरात तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून.”

ग्रंथपालबाईंच्या ड्रॉवरमध्ये पक्कड निघाली. उजव्या रुळाच्या वर आलेला लोखंडी गज पकडीत धरायचा आणि फिरवायचं. फिरत होतं. फक्त दर फेऱ्याला पेंटरच्या खांद्यातून एक कळ थेट कानापर्यंत जात होती.

तो खोक्यामागे उभा राहिला. चित्राचं तोंड लोकांकडे, त्याच्या वाट्याला कागदाची कोरी पाठ. बायको पुढे उभी राहून गाऊ लागली. किनारा सरकला, होडी निघाली, नावाड्याने हात हलवला. नावाड्याची बायको वाळूवर लहान लहान होत गेली. मग ढग आले.

“गेली होडी, गेला धनी, पाणी झालं काळं काळं...”

पंख्याखालच्यांपैकी दोघांनी पेपर खाली केला. होडी उलटली. लाटेवर नुसता हात उरला. मग तोही गेला.

इथे पेंटरचा उजवा हात संपला. डावा शिल्लक होता, आणि डाव्या हाताला डावा रूळ जवळ. त्याने पक्कड डाव्या रुळावर चढवली आणि नव्या दमाने फिरवू लागला. कोरा कागद सरकत होता. कोऱ्या कागदाला जाणं काय आणि येणं काय!

पुढे लाटेतून हात वर आला.

बायको गाता गाता थांबली. हातामागून नावाडी आला. होडी सुलटी झाली, ढग मागे हटले, मासे शेपटीकडून पोहू लागले. तिने खोकल्यासारखं केलं. पेंटरला वाटलं, वेग कमी पडतोय. त्याने वाढवला. तिने खोक्याला लाथ मारली. त्याने आणखी वाढवला. पकडीच्या करकरीत त्याला शब्द काही कळत नव्हते.

“होडी उलटी का चाललीय हो?” एका पेपरवाल्याने विचारलं.

बायकोने एकदा जिन्याच्या दाराकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि त्याच चालीत गायली,

“घरची ओढ लागली त्याला, वळायला नाही वेळ वेळ...”

कुणीतरी हसलं. तिला पुढचं सुचलं. आली होडी, आला धनी, चूल पेटवा, पाणी ठेवा, कुठे होतात इतका वेळ! वाळूवरची बायको मोठी मोठी होत गेली. नावाड्याने निघताना हलवलेला हात आता आल्याचा झाला. रूळ थांबला. कागद संपला होता.

“बुडाला एकदाचा,” खोक्यामागून पेंटर घाम पुसत म्हणाला.

टाळ्या त्याच्या आवाजापेक्षा मोठ्या होत्या, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. ग्रंथपालबाई चष्मा पुसत पुढे आल्या.

“तीस वर्षं गोष्टींच्या कपाटांत बसलेय हो. बुडालेल्याला कुणी परत आणत नाही. दर शनिवारी या, चार वाजता. पण हेच दाखवायचं. अगदी असंच.”

“असंच म्हणजे?” पेंटरने विचारलं.

“असंच,” बायको म्हणाली. “तुम्ही फिरवायचं, बघायचं नाही.”

खोकं दोघांनी उचललं. वाचनालयाचा जिना एकच, सरळ, दारातून थेट सिग्नलच्या रस्त्यावर उतरणारा. ती पुढून, तो मागून. दर तिसऱ्या पायरीला टेकत होते.

“म्हणजे आता दर शनिवारी हा जिना,” ती म्हणाली.

“मग काय, भंगारवाल्याला हाक मारायची?”

“मारली असती. पण तो वर आला ना पाण्यातून, तेव्हा...” तिने खोकं गुडघ्यावर टेकवलं. “हात छान काढलाय तुम्ही त्याचा.”

आठ महिन्यांतलं हे पहिलंच कौतुक. ते नीट ऐकायला म्हणून पेंटर वाकला. त्याच्याबरोबर खोकंही वाकलं, आणि भरलेला रूळ निसटून पायऱ्यांवरून घरंगळत निघाला. रिकाम्या रुळाला चिकटलेलं टोक पेंटरच्या हातात राहिलं. किनारा पायऱ्यांवर उलगडला, होडी दारातून बाहेर पडली, फुटपाथ ओलांडून ढग रस्त्यावर गेले. आपला समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पेंटरने पहिल्यांदाच बघितला.

“धरा की!” बायको ओरडली.

सिग्नल सुटला.