तिसरा नियम

बोटवाल्याने केबिनच्या दारावर पांढऱ्या रंगात नियम लिहिले होते.

१. लाइफ जॅकेट काढू नये.
२. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडावा.
३. काळ्या खडकापुढे बोट जाणार नाही.

उन्हाळा संपत आला होता. गळाने मासे धरायला दिवसभरासाठी बोट ठरवलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या नियमावरून सकाळपासून तणतणत होतं.

“मामा, एवढ्याशा पाण्यात माझी सासूसुद्धा उभी राहील! मोठे मासे खडकापलीकडे आहेत.”

“आहेत,” बोटवाला म्हणाला. त्याची नजर किनाऱ्यावरच होती.

“मग घाबरता कशाला?”

“ते पिवळं घर दिसतंय? बायको एकटी असते तिथे. पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून तिची वाचा गेलीय. फोनवर काय सांगणार? काही लागलं तर गॅलरीत लाल टॉवेल टाकते. खडकापुढे गेलं की गॅलरी दिसत नाही.”

थोड्या वेळाने गळाला ओढ बसली, तशी गिऱ्हाइकाने काठी बोटवाल्याच्या हातात दिली.

“तुम्हीच ओढा. मी बघतो तिकडे.” आणि समुद्राकडे पाठ करून तो बसला, तो बोट परतेपर्यंत.

संध्याकाळी बोट धुताना बोटवाल्याला तिसऱ्या नियमाखाली खडूने लिहिलेली ओळ दिसली.

४. गिऱ्हाइकांनी आळीपाळीने पिवळ्या घराकडे बघावे. मामांना मासे धरू द्यावेत.