काकांचा एसी

मुलांनो, समजा, शेजारच्या काकांच्या एसीचं बाहेरचं यंत्र अगदी तुमच्या खिडकीला खेटून आहे. आत आई आजारी आहे आणि दिवसभर तिच्या तोंडावर गरम झोत येतोय. आपल्या गोष्टीतल्या मुलीचं अगदी असंच झालं. ती काकांना सांगायला गेली, तर ते हसले. "अगं, मग पंखा लावायचा!"

मुलीने डूख धरला.

ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, "दुरुस्त होईल, पण हात शेजारच्या खिडकीतूनच पोचेल. नाहीतर नवा घ्या, पलीकडच्या भिंतीवर बसवू."

घामाघूम काका मेकॅनिकला घेऊन मुलीच्या दारात आले. "बेटा, याला जरा तुमच्या खिडकीपाशी येऊ देतेस?"

खिडकीतून वारा येत होता. आई गाढ झोपली होती. मुलीने टेबलफॅन उचलला, काकांच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.