बांधापर्यंत

काट्याने तिसऱ्यांदाही तोच आकडा दाखवला. संशोधकाने कणसांचं पोतं आकडीवरून उतरवलं आणि शेडमधल्या बाकावर तो मटकन बसला.

एक पोतं पांढऱ्या फडक्याची खूण बांधलेल्या मक्याच्या पट्टीतलं, दुसरं लाल फडक्याच्या. ओळी सारख्याच मोजून घेतलेल्या. वजनात नाव घेण्याजोगा फरक नाही. पांढऱ्या पट्टीला त्याचं औषध दिलं होतं. रोप लहान असताना मुळाशी ओतलं की पुढे पावसाने दडी मारली तरी ते तग धरतं आणि दाणाही भरतो, असा त्याचा दावा. लाल पट्टीला काहीच द्यायचं नव्हतं. ती ताडून बघण्यापुरती. यंदा पाऊस असा गडप झाला, की याहून कडक परीक्षा मागूनही मिळाली नसती. आणि लाल पट्टीतला मका पांढऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

बियाणंच काटक निघालं असेल. जमिनीत खोलवर ओल असेल. कारण काही का असेना, औषधाचं त्यात काही नव्हतं.

त्याचे गुडघे ठणकत होते. या कामात केस पिकले होते. "घरच्या कुंड्यांचा कोळसा झाला, आणि हे निघाले जगाचा दुष्काळ हटवायला," बायको म्हणायची. पूर्वी तो त्यावर हसायचा.

त्याने संचालिकांना फोन लावला. संस्थेत बैठक चालू होती. काम पुढे न्यायचं की गुंडाळायचं, ते या वजनावर ठरणार होतं.

"मॅडम, फरक नाही."

"नक्की?"

"तीनदा तोललं."

मग त्या म्हणाल्या, "तुम्हीही दमलात हो. सगळे समोरच बसलेत, सांगून टाकते. या परत."

फोन खिशात टाकताना त्याला वाईटही वाटलं नाही. इथेच आडवं व्हावं, एवढंच वाटलं.

शेतकरीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काय साहेब, तोंड का पाडलंत? सगळीकडे बोंब असताना पीक हाती लागलंय. आमचे हे तर गिऱ्हाईक शोधायला पळालेसुद्धा."

"दोन्ही पट्ट्या सारख्याच आल्या, वहिनी."

"येणारच. दोघींना सारखंच घातलंय."

तांब्या ओठांपाशी थांबला. "काय घातलंय?"

"तुमचं औषध! पांढरीला घालून अर्धं पिंप उरलं. मग काय, गटारात ओतू?"

"लालला द्यायचं नाही, असं सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं. पण उरेल असं कुठे सांगितलं होतं? एकीला पोटभर घालायचं आणि दुसरीच्या डोळ्यांदेखत उरलेलं फेकायचं, ते काही माझ्याच्यानं झालं नाही बाई."

रागवायलाही जोर लागतो. तांब्या खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "कुठवर घातलंत?"

"चला, दाखवते."

मका डोक्याच्या वर गेला होता. ती पुढे, तो मागे. पानं हाताला चरचरत होती. आजवर तो रस्त्याच्या बाजूने यायचा, मोजमाप घ्यायचा आणि त्याच वाटेने परतायचा. शेताच्या या टोकाला पीक वाढल्यापासून तो फिरकला नव्हता. शेवटची ओळ बाजूला सारून तो बांधावर आला आणि थांबला.

पलीकडे शेत होतं, पण हिरवं काही नव्हतं. गुडघ्याएवढी पांढरी चिपाडं उभी होती. एकालाही कणीस नाही. वारा आला की ती कागदासारखी वाजत होती.

"हे आमच्या भावजींचं," ती म्हणाली. "बी दोघा भावांनी एकाच पोत्यातलं घेतलं. पेरलंही एकाच दिवशी. आता भावजी मुलाबाळांना घेऊन काम शोधायला गेलेत."

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच राहिला. एव्हाना मॅडमनी बैठकीत सांगून टाकलं असणार.

स्वतःचीच चूक असल्यासारखं तिने आवाज खाली आणला. "बांधापर्यंतच पुरलं हो. पुढच्या वेळी थोडं जास्त आणा."