भर सभेतली शाल

ओढ्यावर साकव नाही, म्हणून आजारी सोनूबाईला डोलीत घालून लांबच्या वाटेने नेली. गाडीशी पोचल्यावर बाबल्याला कळलं, बायको वाटेतच गेली. साकव कबूल केलेल्या पुढाऱ्याला चार लोकांत उघडं पाडायचं, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं.

वर्षाने देवरूखच्या कॉलेजात पोरांनी त्याच पुढाऱ्याशी 'थेट संवाद' ठेवला. माइक मिळताच बाबल्या म्हणाला, "सायेब, साकवाचा नारळ फोडून गेलात. साकव कुटं हाय?"

पुढारी हसला. "बघा मुलांनो, याला म्हणतात लोकशाही!" म्हणत त्याने बाबल्याच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या.

बाबल्याने माइक सोडला नव्हता. "बायको मेल्यावर घोवाला वस्त्र घालतात, ती रीत पाळलीत. पन दुखवटा लय उशिरा आणलात."

टाळ्या थांबल्या.


साकव अजून झालेला नाही.