पोटातला पुरावा

चंद्रहासने कॅटफिशच्या पोटात सुरी घातली आणि ग्लेनकडे ऐटीत पाहिलं. आता निघतीलच ट्राउटची पिल्लं.

न्यूझीलंडमधल्या कारापिरोच्या धरणातली ही धक्क्याजवळची जागा तीन वर्षं त्याची हक्काची. शनिवारी यावं, गळ टाकावा, एखादी तरी ट्राउट रोटोटुनाला घरी न्यावी. नोव्हेंबरपासून मात्र ट्राउट औषधालाही नाही. गळाला लागायचे ते मिशाळ, काळपट कॅटफिश. आईला दिसायला नको म्हणून तो ते झाकणाच्या बादलीत टाकायचा आणि रिकाम्या हातांनी घरी जायचा. 'हेच मेले ट्राउट खातात,' असं त्याने फिशिंग क्लबात इतकं छातीठोकपणे सांगितलं होतं, की क्लब इथे कॅटफिश पकडायचे पिंजरे लावायला निघाला. म्हाताऱ्या सेक्रेटरीची, ग्लेनची, अट एकच होती. आधी पुरावा दाखव.

पोटातून निघाले पिवळे गोळे.

चंद्रहास चक्रावला. त्याने दुसरा मासा कापला. तेच. तिसऱ्यातही तेच.

"अंडी आहेत का रे ही?" ग्लेनने विचारलं.

चंद्रहासने एक गोळा बोटांत चुरडला. मऊ. आत ओव्याचा दाणा. न्यूझीलंडच्या माशाला ओवा कुठून ठाऊक? सकाळी त्याने स्वतः खाल्लेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांत हाच ओवा होता, हीच हळद.

त्याने धक्क्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे आई बसली होती. स्नेहलताबाई नोव्हेंबरात पुण्याहून आल्या, तेव्हापासून दर शनिवारी पुऱ्यांचा डबा घेऊन बरोबर यायच्या. जन्मात माशाला न शिवलेली ही बाई इथे कशाला येते, ते त्याला कधी कळलं नव्हतं. 'जप करते' म्हणायची. आत्ता तिच्या मांडीवर दुसरा डबा होता आणि ती कणकेच्या गोळ्या पाण्यात सोडत होती. खाली कॅटफिशची ही झुंबड. तिथे ट्राउट फिरकेल कशाला?

खरं सांगावं तर क्लबात नाक कापलं जाणार. गप्प बसावं तर पिंजरे लागणार.

"ग्लेन, माझं चुकलं. हे ट्राउट खात नाहीत. माझ्या आईच्या हातचं खातात."

ग्लेनने मासा पाहिला, आईकडे पाहिलं आणि वहीतली पिंजऱ्यांची ओळ खोडली.

चंद्रहास तणतणत टोकाला गेला. चिरलेला मासा हातातच राहिला होता. "आई, मला मासा मिळावा म्हणून तू पुण्य करतेस, आणि त्यानेच सगळा घोळ झालाय."

"मिळावा म्हणून?" आई गोंधळली. "मिळू नये म्हणून रे, चंदू."

मग तिला तो मासा दिसला. पोटातली कणीकही दिसली. तिने सावकाश डब्याला झाकण लावलं.

"मला वाटलं होतं, पोट भरलेलं असलं की ते गळाकडे बघणार नाहीत."