गटाचे मत

“पदवी असती तर गोष्ट वेगळी होती,” संस्थेचे संचालक म्हणाले.

शिवणकारखान्यातल्या बायकांना एकत्र आणण्याचे काम संघटक नऊ वर्षे करत होता, आणि दर वर्षी त्याच्या पगारवाढीच्या आड काहीतरी नवे येत असे. एकदा अनुदान आटले. एकदा त्याच्या कामाची वस्ती शहराच्या हद्दीबाहेर निघाली, म्हणून शहराचा दर लागू झाला नाही. पलीकडच्या टेबलाशी बसून अहवाल लिहिणारी सहकारी दोनच वर्षांपूर्वी रुजू झाली होती. तिचा पगार त्याच्या दुप्पट होता. कारखान्याचे फाटक तिने अजून पाहिले नव्हते.

“या खेपेला मात्र सगळं बायकांच्या गटावर आहे,” संचालकांनी कागद पुढे सरकवला. “देणगीदारांकडून पाहणीला येणाऱ्या बाई गुरुवारी गटाला भेटतील. गटाला तुझी गरज आहे असं दिसलं, तर तू कायम, पगार दीडपट. गरज नसेल, तर पद बंद. पैसा दुसऱ्या वस्तीला जाईल.”

“गटाला हे माहीत आहे?”

“‘संघटकाच्या वेतनाबाबत आपले मत घेतले जाईल’, एवढंच पत्र गेलंय. बाकी काही कळवायचं नाही. तूही पढवायचं नाहीस.”

“नाही पढवणार, सर.”

जिना उतरताना त्याला हलके वाटले. बायकोला त्याने रस्त्यावरूनच फोन लावला. वर्षभर ती मुलीला घेऊन माहेरी होती. त्याच्या थोरल्या भावाच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत तिघांचे अंथरूण मावत नव्हते, आणि सासऱ्यांनी तोंडावर सांगितले होते : नोकरी पक्की करा, मग न्यायला या.

“बाबा विचारत होते, खोली कधी बघणार?” ती म्हणाली.

“गुरुवारनंतर. बायकांच्या मतावर आहे सगळं.”

“मग झालंच म्हणायचं! जीव टाकतात त्या तुझ्यावर.” जरा थांबून ती म्हणाली, “पिल्लू आता तुझा फोटो बघून ‘काका’ म्हणते.”

तो हसला. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

त्या संध्याकाळी गटाच्या खोलीत गलका होता. गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशी सर्वांना गूळशेंगदाणे वाटत होत्या.

“घ्या दादा! माझ्या हाताखाली शिकणारी पोर आज मुकादमासमोर धडधडीत बोलली, ‘आता मला यांची गरज नाही.’ झाला शिकवणीचा भत्ता पगारात कायम!”

शिकणारीने असे म्हटले की शिकवणारीचा भत्ता कायम, हा नियम त्यानेच दोन वर्षे भांडून कारखान्याकडून करून घेतला होता. नव्या मुलीला मशीन शिकवण्यात बायकांचे स्वतःचे काम मागे पडे आणि त्याचे कुणी काही देत नसे. त्याने शेंगदाणे तोंडात टाकले. आता मावशींचा पगार त्याच्याहून जास्त झाला होता. त्याला त्याचे वाईट वाटले नाही. निदान तशी त्याने मनाची समजूत घातली.

“दादा, तुमचा पगार किती हो नक्की?” कोपऱ्यातून प्रश्न आला. कुणाशीही वाद घालणाऱ्या या बाईंना सगळ्या वकिलीणबाई म्हणत.

“पुरतो.”

“आमच्याकडून सगळ्यांच्या पगाराचे आकडे काढून घेता. स्वतःचा मात्र झाकून!”

कुणी हसले नाही. त्याला ते खटकले.

बुधवारी तो खोलीपाशी आला तेव्हा आतून वकिलीणबाईंचा आवाज येत होता. “कचरायचं नाही. विचारलं की सरळ सांगायचं.” तो उंबऱ्यात दिसताच आवाज तुटला. एकीने उगीच दोरा गुंडाळायला घेतला. मावशींनी नजर चुकवली. नऊ वर्षांत त्याला पाहून ती खोली पहिल्यांदाच गप्प झाली होती.

गुरुवारी देणगीदारांच्या बाई आल्या, वही उघडून बसल्या. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

“मालकाशी बोलणी कोण करतं?”

“आम्हीच,” वकिलीणबाई म्हणाल्या.

“अर्ज वगैरे?”

“मी लिहिते,” मावशी म्हणाल्या.

मावशींना सहीपुरतीच अक्षरे येत होती. गेल्या महिन्याचा अर्ज त्याने लिहिला होता, तोही मावशींच्याच ओट्यावर बसून.

“म्हणजे यांच्यावाचून तुमचं अडत नाही?”

“काडीचंही नाही.” वकिलीणबाईंनी मागे वळून पाहिले. सतरा बायकांनी एकसाथ माना हलवल्या. “आम्हाला आता यांची गरज नाही. लिहा तुम्ही. ठळक लिहा.”

त्याने एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहिले. एकीच्या मुलाला तापात खांद्यावर घेऊन तो दवाखान्यात धावला होता. एकीच्या नवऱ्याला फाटकातून परत पाठवताना त्याचा स्वतःचा दात पडला होता. त्या सगळ्या समोर पाहत होत्या. ‘आपल्या पगाराचा हिशेब यांनी मनाशी मांडला असेल,’ त्याला वाटले, ‘आणि आपण यांना महाग पडलो.’

देणगीदारांच्या बाईंनी वही मिटली. जिन्यापाशी त्यांनी आवाज खाली आणला. “स्पष्टच आहे सगळं. महिनाअखेर पद बंद होईल. रीतसर पत्र मिळेल तुम्हाला.”

त्यांची गाडी निघून गेली. तो पायरीवर उभा राहिला. सासऱ्यांना काय सांगायचे, याची वाक्ये त्याच्या मनात जुळत होती आणि मोडत होती. निरोप न घेताच निघून जावे, असे त्याने ठरवले. पहिल्यांदाच त्याला या बायकांचा मनापासून तिरस्कार वाटला.

मागे दार धाडकन उघडले. सतराजणी हसत, एकमेकींना ढकलत जिन्यावर आल्या. सर्वांत पुढे मावशी होत्या, धापा टाकत.

“अहो दादा, पळता कुठे? तीन दिवस तालीम घेतली हिने आमची, खोटं बोलताना माझी तर जीभ अडखळत होती! सांगा आता, कितीने वाढला पगार?”